गोल्डन कंपास: शेवट कापून सिनेमाने नेमकं काय घालवलं? (सगळ्या पुस्तकांचे स्पॉयलर आहेत)

शेवंती_डिचोली

मंडळी, २०२५ च्या ऑक्टोबरात लेखक फिलिप पुलमनचं 'द रोझ फील्ड' आलं आणि लायराची दुसरी त्रयी पण संपली. ते हातात घ्यायच्या आधी मी पहिली तिन्ही पुस्तकं परत काढली, 'नॉर्दर्न लाइट्स' पासून. आणि पहिलं संपल्या संपल्या त्यावरचा २००७ चा सिनेमा 'द गोल्डन कंपास' परत लावला, आणि परत तोच राग आला जो तेव्हा थिएटरातून बाहेर पडताना आला होता. म्हणून हा धागा. सिरियलबद्दल पण बोलूया, पण आधी सिनेमा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लायरा ही अकरा वर्षांची मुलगी, आपल्यासारख्याच पण वेगळ्या जगातल्या ऑक्सफर्डमध्ये वाढलेली. त्या जगात प्रत्येकाचा आत्मा शरीराबाहेर प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत असतो, त्याला डेमन म्हणतात. लहान मुलांचा डेमन सारखं रूप बदलतो, मुलं वयात आली की एका रूपात कायमचा ठरतो. मग मुलं गायब व्हायला लागतात, लायराचा मित्र रॉजर (कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम करणारा पोरगा) पण जातो, आणि कळतं की उत्तरेला बोल्व्हांगार नावाच्या जागी मुलांना त्यांच्या डेमनपासून कापून वेगळं करतायत.

आता माझा मुद्दा. पुस्तकात एक प्रसंग आहे, लायरा रात्री एका चिलखती, बोलणाऱ्या अस्वलाच्या पाठीवर बसून एका गावात जाते कारण तिच्या अॅलिथिओमीटरने (खरं उत्तर सांगणारं ते सोनेरी यंत्र) सांगितलेलं असतं की तिथे काहीतरी आहे. गावातली माणसं त्या झोपडीजवळ जायला घाबरतायत. आत मासे सुकवायची जागा, रांगेने सुके मासे लटकवलेले आणि खाली कोपऱ्यात एक लहान मुलगा बसलाय, टोनी. त्याचा डेमन कापून टाकलेला आहे. आणि त्याने एक सुका मासा छातीशी घट्ट धरलाय, लायराने आपल्या डेमनला, पँटालायमनला, धरलंय तसाच. कारण धरायला दुसरं काही उरलं नाही. तो सारखा विचारत राहतो, माझी रॅटर कुठाय. गोव्यातल्या वाचकाला सुक्या माशाचा वास वेगळा सांगायला नको, पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) दिवसात म्हापशाच्या बाजारातून गेलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे, आणि मला हा प्रसंग वाचताना तो वास येतोच येतो, दर वेळी.

टोनी त्या रात्री मरतो. सकाळी लायरा बघते तर त्याच्या हातात मासा नाही. कुणीतरी तो कुत्र्यांना घातलाय, मुलाने खायला घेतला असेल असं समजून. एकजण हसतो आणि लायरा अशी भडकते की बस. मग ती आपल्याकडचं सोन्याचं नाणं काढते, सुरीने त्याच्यावर रॅटरचं नाव कोरते आणि त्याच्या तोंडात ठेवते, म्हणजे जाताना तो एकटा जाणार नाही.

सिनेमात टोनी नाहीच. त्याच्या जागी बिली कॉस्टा हा दुसरा पळवलेला मुलगा सापडतो, आणि तो जगतो, आईच्या कुशीत जातो. मासा नाही, नाणं नाही, मरण नाही. एकदा ते मरण काढलं की पुढे बोल्व्हांगारमध्ये ती चंदेरी पाती दिसली तरी आपल्याला भीती कशाची वाटणार? कापल्यावर काय होतं ते आपण बघितलंच नाही ना.

आणि शेवट तर अख्खाच गेला. शेवटची तीन प्रकरणं. शूट झालेली असून कापली. लायरा जिवावर उदार होऊन रॉजरला सोडवते, त्याला घेऊन स्वालबार्डला बापाकडे, लॉर्ड अॅझ्रिएलकडे जाते, तिला वाटतं बापाला अॅलिथिओमीटर हवाय तो आपण पोचवतोय, आणि बापाला हवं असतं एक मूल. कुठलंही मूल. तो रॉजरला त्याच्या डेमनपासून तोडतो आणि त्यातून निघालेल्या शक्तीने आकाश फाडून दुसऱ्या जगाचा रस्ता उघडतो. ज्याला वाचवायला एवढी वणवण केली त्याला लायराने स्वतःच्या हाताने तिथे नेऊन सोडलं. पुढची दोन पुस्तकं, मृतांच्या जगात उतरणं, सगळं ह्यातून निघतं. आणि सिनेमा संपतो कुठे? सगळे बलूनमध्ये बसून उत्तरेला चाललेत, लायरा खूश, रॉजर खूश.

मला बदलांचा राग नाही. किंमत काढून टाकल्याचा आहे. तुमचं काय म्हणणं?

पणजीकर

शेवंतीताई, मांडणी आवडली, पण सिनेमाच्या बाजूने थोडं बोलतो कारण मला तो मनापासून आवडतो. मी पुस्तक आधी वाचलेलं नव्हतं. २००७ चा डिसेंबर, पणजीच्या चर्चचं फेस्त चालू होतं, खाज्याचे स्टॉल, गर्दी, स्कूटर लावायला जागा नाही आणि तशातून आम्ही कॉलेजचे सगळे शो गाठला. मिसेस कोल्टर झालेली निकोल किडमन सोनेरी ड्रेसमध्ये जेवणाच्या हॉलमध्ये येते तेव्हाच कळतं की ही बाई गोड बोलून गळा कापणार आहे. अस्वलांची झुंज, इयान मॅककेलनचा आवाज, डॅनियल क्रेग. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर त्या वर्षी ह्याच सिनेमाला मिळालं, 'ट्रान्सफॉर्मर्स'ला मागे टाकून. मला त्या दोन तासांनी पुस्तकाकडे नेलं, हे पण खरं आहे.

आणि शेवट कापला त्याचं कारण पैसा. बजेट १८ कोटी डॉलर. न्यू लाइन स्टुडिओला वाटलं की मुलांच्या नाताळच्या सिनेमात शेवटी मुलाचा जीव गेला तर कोण बघायला येणार, तो भाग दुसऱ्या सिनेमाच्या सुरुवातीला टाकू. दुसरा सिनेमा आलाच नाही. अमेरिकेत धंदा जेमतेम ७ कोटी डॉलरचा झाला. बाहेरच्या देशांत त्याच्या चौपट चालला, जगभर मिळून ३७ कोटींच्या वर गेला, पण न्यू लाइनने पैसे उभे करायला परदेशातले हक्क आधीच विकलेले होते, त्यामुळे ती कमाई त्यांच्या हाताला लागली नाही. २००८ मध्ये न्यू लाइन वॉर्नरमध्ये मिसळली. म्हणजे आपल्यासारख्या बाहेरच्या प्रेक्षकांनी तिकीट काढून बघितला तरी त्याचा पुढच्या भागाला उपयोग शून्य. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवंती_डिचोली

पणजीकर, किडमनबद्दल शंभर टक्के सहमत, तिच्या कामाला मी कधीच नावं ठेवली नाहीत. पण बघा, मुलाचा जीव गेला तर कोण येणार हा जो हिशोब आहे तो मुलांना ओळखत नसलेल्या माणसांचा आहे. हे पुस्तक १९९५ चं, त्याला कार्नेगी मेडल मिळालं ते मुलांचं पुस्तक म्हणूनच. मुलं वाचतायत आणि त्यांना झेपतंय. आपल्याकडे अभिमन्यू मरतो ती गोष्ट आपण कितव्या वर्षी ऐकली? पाच-सहा असू ना?

नाटकवेडा_फोंडा

उत्तम धागा. मी नाटकाच्या बाजूने बोलतो कारण माझा सगळा जीव तिथेच, दरवर्षी कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला राजीव गांधी कला मंदिरात पडून असतो.

फार लोकांना माहीत नाही की सिनेमाच्या आधी लंडनच्या नॅशनल थिएटरने हे रंगमंचावर केलं होतं, २००३-०४ ला, निकोलस हायटनरने दिग्दर्शित केलेलं, दोन भाग, दोन्ही मिळून साधारण सहा तास. तिन्ही पुस्तकं त्यात बसवली. आणि डेमन कसे दाखवले? बाहुल्या. काळे कपडे घातलेली माणसं हातात बाहुली घेऊन नटासोबत फिरतात, आणि प्रेक्षक पाच मिनिटांत ती माणसं बघायचं सोडून देतो. मी फोटो आणि तुकडेच बघितलेत, प्रत्यक्ष बघायचं भाग्य नाही, पण दशावतार बघत वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. मागे एक पडदा, एक बाकडं, आणि त्याच्यावर राजा बसला की तो दरबार होतो आणि रात्रभर आपण ते मानतो.

मला म्हणायचंय काय तर डेमन ही गोष्ट पैशाने दाखवायची गोष्टच नाही, तो सतत सोबत असणं महत्त्वाचं. सिनेमात डेमन सुंदर दिसतात पण बोलायची वेळ आली की येतात आणि काम झालं की जातात. पुस्तकात तसं नाही, दोन माणसं वरवर गोड बोलत असतात आणि त्यांचे डेमन खाली एकमेकांवर दात काढत असतात, सगळा खरा संवाद तिथे चाललेला असतो. हा तर नटांसाठी खजिना आहे!

आबोली_सासष्टी

मी चर्चवाला मुद्दा काढते, कोणीतरी काढणारच होतं, आणि हात जोडून सांगते की शांतपणे वाचा.

सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्कार घाला म्हणून मोहीम काढली. आणि गंमत म्हणजे सिनेमाने धर्माचा भाग आधीच एवढा पातळ केलेला होता की त्यांनी विरोध कशाला केला हेच बघणाऱ्याला कळेना. पुस्तकात मॅजिस्टेरियम म्हणजे उघड उघड चर्च आहे. सिनेमात ती नुसती एक दुष्ट सरकारी संस्था झाली. दोन्हीकडून मार. श्रद्धावाले रागावले ते रागावले, वाचक पण रागावले.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त शिक्षिका आहेत, रोज सकाळी मिस्साला जाणाऱ्या. त्यांना मी पहिलं पुस्तक दिलं तेव्हा मनात धाकधूक होती. त्यांनी तिन्ही वाचली आणि मला म्हणाल्या की ह्यात देवावरच्या प्रेमाला शिवी नाही गो, भीती घालून राज्य करणाऱ्यांना आहे. त्यांचं मत, सगळ्या कॅथलिकांचं असेल असं मी म्हणत नाही. पण कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स सुद्धा २००४ ला नॅशनल थिएटरच्याच रंगमंचावर पुलमनबरोबर बसून चर्चा करत होते, म्हणजे धर्माच्या माणसाला हे पुस्तक पेलतं. गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० ला आलं आणि कायमचं गेलं १८१२ ला, त्यामुळे श्रद्धा वेगळी आणि सत्ता वेगळी हे आपल्या सगळ्यांच्याच घरात, हिंदू काय ख्रिश्चन काय, पिढ्यान्पिढ्या माहीत असलेलं आहे.

आता शेवंतीच्या मुद्द्याला जोडून. डस्ट (मोठ्या माणसांभोवती जमणारे ते गूढ कण) म्हणजे काय, मॅजिस्टेरियमला त्याची एवढी भीती का, मुलांनाच का कापतात, हे पुस्तकात कोण सांगतो? अॅझ्रिएल सांगतो, लायराला, बायबलमधला आदम आणि इव्हचा भाग वाचून दाखवून. (त्यांच्या जगातल्या बायबलमध्ये डेमन पण आहेत.) आणि हे कुठे येतं? स्वालबार्डला. म्हणजे नेमक्या त्याच कापलेल्या तीन प्रकरणांत!

शेवंती_डिचोली

आबोली!! हे माझ्या लक्षात असं जोडून कधीच आलं नव्हतं. म्हणजे रॉजरचं मरण आणि डस्टचं कारण दोन्ही एकाच कात्रीत गेलं. म्हणून सिनेमा बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की ही माणसं हे सगळं करतायत तरी का, आणि दुष्ट आहेत म्हणून करतात एवढंच उत्तर हाती उरतं. पुस्तकात तसं नाही हो, पुस्तकात त्यांना खरंच वाटतं की आपण मुलांना पापापासून वाचवतोय, आणि म्हणूनच ते जास्त भयंकर आहे.

बार्देसकार

+१ आबोली. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

वास्कोचा_वाचक

मी तुमच्यापेक्षा लहान, सिनेमा आला तेव्हा शाळेत होतो आणि बघितला पण नाही. मी आलो २०१९ च्या बीबीसी-एचबीओ सिरियलवरून, तीन सीझन, २०२२ ला संपली, आणि मला वाटतं ह्या धाग्यावर तिला न्याय मिळाला पाहिजे. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागाचं नावच 'बिट्रेयल' आहे. रॉजर मरतो. काही लपवलं नाही. लायरा झालेली डॅफ्नी कीन धावत येते आणि उशीर झालेला असतो. मी रात्री दोन वाजता बघितलं आणि नंतर झोप नाही.

आणि रूथ विल्सन. किडमन उत्तम मान्य, पण विल्सनची मिसेस कोल्टर म्हणजे वेगळंच प्रकरण. तिचं ते सोनेरी माकड पुस्तकासारखंच एक शब्द बोलत नाही, आणि ती त्या माकडाशी जे वागते ते बघितलं की कळतं की ही बाई स्वतःशीच असं वागतेय, कारण माकड म्हणजे तीच ना. पुस्तकात हे एवढं उघड नाही, सिरियलने ते वाढवलं आणि बरोबर वाढवलं. रूपांतराने मूळ वस्तूत भर घालावी ती अशी.

फोंडेकर दादा, तुम्हाला आवडेल अशी माहिती, सिरियलच्या सेटवर पण बाहुल्या होत्या! पपेटियर बाहुली घेऊन नटासमोर काम करायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर प्राणी बसवायचे. म्हणून डॅफ्नी कीनची नजर पॅनकडे (पँटालायमनकडे) जाते ती खरी वाटते.

नाटकवेडा_फोंडा

वा, हे माहीत नव्हतं, धन्यवाद रे. पण मग गर्दीच्या सीनमध्ये डेमन गेले कुठे? लायराच्या जॉर्डन कॉलेजचा हॉल भरलेला आहे, माणसं पन्नास आणि प्राणी चार-पाच. जिप्शियनांच्या (होड्यांवर राहणाऱ्या लोकांच्या) सभेत पण तेच. ह्या जगात डेमन नसलेला माणूस म्हणजे चेहरा नसलेल्या माणसासारखा भयानक दिसायला हवा, असं पुस्तकच सांगतं. मग शंभर माणसं डेमनशिवाय फिरताना दाखवली तर बिली डेमनशिवाय सापडतो तेव्हा धक्का कसा बसणार? प्रत्येक प्राणी कॉम्प्युटरवर करायचा म्हणजे खर्च येतो हे समजतं. पण निदान कुणाच्या खिशातून उंदराचं नाक बाहेर, कुणाच्या कॉलरखाली काहीतरी हलतंय, एवढं तर सहज झालं असतं.

शेवंती_डिचोली

वास्को, सिरियलवर माझं पण प्रेम आहे, रूथ विल्सनसाठी तर मी भांडायला तयार आहे. पण माझी तक्रार ऐक. तिथे बिली मरतो, ठीक. पण मासा नाही. तिन्ही सीझन मिळून तेवीस भाग असलेल्या सिरियलला एक सुका मासा झेपू नये? आणि जोडीला त्यांनी विलला, पुढच्या गोष्टीतल्या दुसऱ्या नायकाला, पहिल्याच सीझनमध्ये आणलं. पुस्तकात तो दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर येतो, आपल्या जगातून, आणि आपण वेगळ्याच गोष्टीत पडल्यासारखे गोंधळतो, ती जी गंमत आहे ती गेली.

वास्कोचा_वाचक

ताई, विलच्या बाबतीत मी सहमत नाही. आठवड्याला एक भाग बघणाऱ्या माणसासमोर दुसऱ्या सीझनला अचानक नवा हिरो आणून ठेवला असता तर तो परका राहिला असता. विलची आई, तिचं ते आजारपण, त्याने एवढ्याशा वयात घर सांभाळणं हे आधी दाखवलं म्हणून तो माझा झाला. अमीर विल्सनने ते काम फार मायेने केलंय.

माशाचं मान्य. ते असायला हवं होतं.

खारवी_काणकोण

मासा सिरियलमध्ये का नाही ह्यावर माझा विचार. पडद्यावर मुलगा सुका मासा कवटाळून बसलाय हे बघून कोणीतरी हसेल ही भीती असणार. आणि बघा, पुस्तकात पण एकजण हसतोच! पुलमनला माहीत होतं की हे हसण्यासारखं दिसू शकतं, म्हणून त्याने हसणारा माणूस आतच ठेवला आणि लायराला त्याच्यावर सोडलं. दिग्दर्शकाने पण तेच केलं असतं तर थिएटरात हसणाऱ्याचं तोंड आपोआप बंद झालं असतं.

आमच्याकडे मासा सुकवणं रोजचं. मीठ लावून चटईवर टाकायचा, कावळ्यांवर लक्ष ठेवायचं, दुपारी उलटायचा, कडक झाला की हातात घेतल्यावर त्याला कसला जीव नाही की ऊब नाही. लहान मुलाने ऊब म्हणून ते धरावं, ह्यापेक्षा वाईट मला काही सुचत नाही.

मांद्रेचा_भाचा

मी थोडं अवांतर सांगतो पण विषयाला धरून आहे. पहिलं पुस्तक मी सुट्टीत मांद्र्याला आजीकडे वाचत होतो आणि आजीला गोष्ट सांगायचो रोज थोडी थोडी. डेमन म्हटल्यावर तिने विचारलं, म्हणजे आपला राखणदार का? आमच्याकडे गावच्या राखणदाराला रोट ठेवतात, नारळ ठेवतात, रात्री तो सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो अशी श्रद्धा आहे. मी म्हटलं नाही आजी, राखणदार सगळ्या गावाचा, हा ज्याचा त्याचा, आणि राखणदार रुसू शकतो, मान राहिला नाही तर पाठ फिरवू शकतो, डेमनला ते शक्यच नाही कारण तो म्हणजे आपणच. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग त्याला तोडणारा माणूस नव्हे.

सांगायचं कारण, आजीने इंग्रजी कधी वाचलं नाही, फॅन्टसी हा शब्द तिला माहीत नाही, तरी तिला गाभा एका वाक्यात कळला. सिनेमा बनवणाऱ्यांना वाटतं प्रेक्षकाला सोपं करून द्यायला हवं. कोणाला सोपं करून हवंय?

आबोली_सासष्टी

मांद्रेचा_भाचा, किती छान लिहिलंस. आजीला नमस्कार सांग.

पणजीकर

दिग्दर्शकाची पण बाजू बघा हां. ख्रिस वाइट्झने हे काम एकदा सोडून दिलं होतं २००४ ला, एवढा मोठा तांत्रिक पसारा झेपणार नाही म्हणून. मग दुसरे आले, ते गेले, आणि हा परत आला. म्हणजे माणसाला पुस्तकाबद्दल आस्था होती. शेवट त्याने शूट केला होता, टाकून देणं हा स्टुडिओचा निर्णय. अस्वलांचा भाग बोल्व्हांगारच्या आधी आणला तो पण त्याच गडबडीत. पुस्तकात आधी बोल्व्हांगार, मग स्वालबार्ड. सिनेमात उलटं, कारण स्वालबार्डनंतर अॅझ्रिएल आलाच पाहिजे आणि त्याला तर आणायचं नव्हतं.

ते फुटेज कुठेतरी पडून असणार. मला मनापासून वाटतं की एक दिवस ते जोडून पूर्ण सिनेमा दाखवावा. इफ्फीच्या (चित्रपट महोत्सवाच्या) वेळी आपल्याकडे जुने सिनेमे नीट करून दाखवतात ना, तसा हा कधी आला तर मी पहिल्या रांगेत असेन.

शेवंती_डिचोली

असा आला तर डिचोलीहून गाडी भरून आणते.

तिस्क_उसगांव

सीझन दोनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. तो आठऐवजी सात भागांचा आहे. अॅझ्रिएलवर एक स्वतंत्र भाग होणार होता, पुस्तकात नसलेला, पण मार्च २०२० ला कोविडमुळे शूटिंग थांबलं आणि तो भाग राहिला तो राहिलाच. जेम्स मॅकअॅव्हॉय त्यामुळे त्या सीझनमध्ये जवळपास नाहीच. दुसऱ्या पुस्तकात पण अॅझ्रिएल प्रत्यक्ष दिसत नाही, लोक त्याच्याबद्दल बोलतात फक्त, त्यामुळे वाचक म्हणून मला उलट तेच बरोबर वाटलं.

मला सगळ्यात आवडला तो शेवट, तिसऱ्या सीझनचा. ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधलं बाकडं, दोन जगांत एकाच जागी, वर्षातून एकदा भर उन्हाळ्यात दुपारी एक तास दोघांनी आपापल्या जगात येऊन तिथे बसायचं. एकमेकांना दिसणार नाही. ह्यात त्यांनी एक अक्षर पातळ केलं नाही. मी आणि बायको दोघं रडलो.

बार्देसकार

तिसरा सीझन मला घाईचा वाटला, तिसरं पुस्तक सगळ्यात जाड आणि भाग फक्त आठ. पण मृतांच्या जगात लायरा रॉजरला भेटते तो भाग बघा परत. पहिल्या सीझनमध्ये त्याचं मरण पूर्ण दाखवलं म्हणूनच ती भेट लागते. सिनेमाची गाडी पुढे गेली असती तरी कापलेला शेवट कुठेतरी मध्ये कोंबून ही भेट उभी राहिली असती का, मला शंका आहे.

नवी_वाचक_साखळी

मी फक्त वाचत होते, आता विचारतेच. माझा मुलगा दहा वर्षांचा. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं मराठीतच चालतात, इंग्रजी वाचतो पण हळू. त्याला आधी सिनेमा दाखवू की सिरियल की पुस्तक? आणि रॉजरचं कसं सांगू?

वास्कोचा_वाचक

सिरियल, पण पाचवा आणि आठवा भाग त्याच्यासोबत बसून बघा, एकट्याला देऊ नका.

पणजीकर

मी म्हणेन सिनेमा. दहा वर्षांच्या मुलाला अस्वल, बलून, बर्फ ह्यांनी ओढ लागेल आणि मग तो स्वतः विचारेल पुढे काय झालं. तेव्हा पुस्तक द्या.

शेवंती_डिचोली

बाई गो, पुस्तक. तूच वाचून दाखव, रोज रात्री एक प्रकरण, अडेल तिथे मराठीत सांगत. पहिल्या पुस्तकात तेवीस प्रकरणं आहेत, महिन्याभरात होतं. पणजीला येणं होत असेल तर पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग मोठा आहे, त्याला घेऊन जा आणि तिथे विचार, नसेल तर मी माझी प्रत देते, डिचोली-साखळी काय लांब नाही.

रॉजरचं आधी काही सांगू नकोस. माशाचं प्रकरण तेरावं आहे. ते वाचलं की तो गप्प होईल, मग भरपूर प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरं दे, घाई करू नकोस. ते तेरावं प्रकरण ज्याला पचलं त्याला तेविसावं पण पचतं, पुलमनने तशीच वाट बांधलीय. सिनेमाने ती मधली पायरी काढली, मग वरची पायरी मुलांना झेपणार नाही असं त्यांनाच वाटायला लागलं.

तिस्क_उसगांव

हे शेवटचं वाक्य मी सेव्ह करून ठेवतोय.

खारवी_काणकोण

पुढे काय येऊ शकतं ह्यावर पण बोला की. मला 'ला बेल सोवाज' पडद्यावर बघायचंय, २०१७ चं, दुसऱ्या त्रयीतलं पहिलं. लायरा सहा महिन्यांची बाळ, माल्कम नावाचा अकरा वर्षांचा पोरगा, त्याची होडी आणि थेम्सला आलेला महापूर. लंडनच्या ब्रिज थिएटरने ते २०२१ ला केलंय, परत हायटनरच. अख्खं अर्धं पुस्तक होडीत आहे. पुराच्या पाण्यात होडी कशी वागते, वल्हं कुठे मारायचं, ओंडका आडवा आला तर काय, रात्री बांधायची कुठे, हे सगळं त्या माणसाने असं लिहिलंय की होडीत वाढलेल्याला खोटं सापडत नाही. ते जर कोणी हिरव्या पडद्यासमोर टाकीत उभं राहून केलं तर माझं मन तुटेल. खरं गढूळ पाणी हवं. खरी होडी हवी. बाळाचे लंगोट धुवायचे, दूध गरम करायचं, हे पण हवं, कारण पुस्तकात पोरगा आणि ती ॲलिस दिवसरात्र तेच करत असतात आणि तीच त्यांची लढाई आहे.

नाटकवेडा_फोंडा

खारवी, बाळाचा डेमन विसरू नका. एवढंसं बाळ आणि त्याचा एवढासा पॅन, पिल्लू होतो, मांजर होतो, झोपेत पण रूप बदलतो. तो जर दुपट्यात सतत दिसला नाही तर मी पुढे बघणार नाही.

मांद्रेचा_भाचा

लंगोटाचा मुद्दा फार बरोबर. कापायला बसले की पहिलं तेच काढतील.

नवी_वाचक_साखळी

शेवंतीताई, मेसेज केलाय. रविवारी सकाळी डिचोलीच्या बाजारात येतेय, प्रत तेव्हा घेऊ का? मुलाने बॅककव्हर बघून आत्ताच विचारलंय की अस्वलाला कवच कशाला लागतं.

शेवंती_डिचोली

ये, नऊच्या आत ये म्हणजे भाजी पण ताजी मिळेल. आणि कवचाचं उत्तर देऊ नकोस, दहाव्या प्रकरणापासून अस्वल स्वतः सांगतो.